चाकणच्या कांद्याची साल आणि सुती कापड

खेड बाजार समितीच्या चाकणच्या आवारात कांद्याच्या गोण्या रित्या होतात, माल निवडला जातो आणि खाली सुक्या सालींचा थर साचतो. घरी कापड रंगवायला शिकणाऱ्याला पिंपरी-चिंचवड ते चाकण पट्ट्यात यापेक्षा चांगलं साहित्य मिळणार नाही, असं माझं ठाम मत आहे. मंजिष्ठ आणि नीळ विकत आणावी लागते. साल घरात रोज निघते, खानावळीत पोतंभर साठते. तिच्यातलं क्वेर्सेटिन हे पिवळं द्रव्य आपल्याला हवं असतं. लाल-तांबूस साल घ्यावी. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या वाणांपैकी भीमा शक्ती, भीमा किरण यांची चालते. भीमा श्वेतासारख्या पांढऱ्या कांद्याची साल कितीही उकळली तरी रंग जवळजवळ उतरत नाही.

नवख्या माणसाचं सगळं लक्ष रंगाच्या भांड्याकडे असतं. खरं काम त्याच्या आधीच झालेलं असावं लागतं. नव्या मांजरपाटात खळ असते, शिवाय कापसाचा नैसर्गिक मेणचटपणा असतो. १०० ग्रॅम कोरडं कापड मोठ्या स्टीलच्या पातेल्यात घ्यावं, त्यात दोन चमचे धुण्याचा सोडा आणि थोडा साबण टाकून तासभर उकळावं. पाणी चहासारखं तपकिरी होतं, तेव्हा कळतं की कापडात किती काय होतं. मग ते स्वच्छ खळबळून घ्यावं. सुताच्या लडीलाही हेच करायचं. फक्त लडी चार ठिकाणी सैल बांधावी, घट्ट बांधली तर त्या जागा कोऱ्या राहतात.

१९५६ साली बाजारात आलेले रिअॅक्टिव्ह रंग सुती धाग्याशी थेट रासायनिक बंध जोडतात, म्हणून टाय-डायच्या वर्गात ते सोयीचे पडतात. सालीच्या रंगाला ते जमत नाही. त्याला आणि धाग्याला धरून ठेवणारं तिसरं काहीतरी लागतं आणि ते म्हणजे तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम. लोकर आणि रेशीम तुरटी सहज धरतात. सुती कापड धरत नाही, म्हणून त्याला आधी हिरड्यातलं टॅनिन पाजावं लागतं. १०० ग्रॅम कापडाला २० ग्रॅम हिरडा पूड गरम पाण्यात कालवावी, कापड रात्रभर भिजत ठेवावं आणि न धुता पिळून सावलीत वाळवावं. कापड फिकट लोणीपिवळं दिसेल. नंतर १५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात पूर्ण विरघळवून त्यात ते पुन्हा रात्रभर ठेवावं, वाळवावं आणि एक-दोन दिवस तसंच राहू द्यावं. वर्गात वेळ नाही म्हणून हे दिवस गाळले जातात, याचं मला वाईट वाटतं. दोन-तीन धुण्यांत फिका पडलेला रंग बहुतेक वेळा इथेच चुकलेला असतो.

आता सालीकडे. कापडाच्या वजनाइतकी साल तीन-चार लिटर पाण्यात पाऊण तास उकळून फडक्यातून गाळावी. हलकंसं विसळलेलं ओलं कापड त्यात सोडावं आणि तासभर मंद आचेवर वरखाली करत राहावं. पाणी रटरटू देऊ नये. आच बंद केल्यावर कापड रात्रभर त्यातच राहू द्यावं. मोहरीपिवळा ते सोनेरी तपकिरी, यांच्यामधली कुठलीही छटा मिळते.

ती छटा पाण्यावरही अवलंबून असते. पिंपरी-चिंचवडच्या नळाला मुख्यतः पवनेचं पाणी येतं: रावेतला उचललेलं, निगडीत शुद्ध केलेलं. चाकणकडच्या सोसायट्यांत मात्र बोअरवेल आणि टँकरवर भिस्त असते. काळ्या खडकातलं हे पाणी अनेकदा जड असतं, त्यात साबणाला फेस येत नाही. त्यात लोह असेल तर पिवळा रंग मळकट होतो. अशा घरी साठवलेलं पावसाचं पाणी वापरावं.

रंग मुद्दाम गडद करायचा असेल तर हिराकस. अर्धा ग्रॅम पुरतो. कोमट पाण्यात विरघळवून कापड बुडवलं की हिरड्यातलं टॅनिन आणि लोह मिळून पिवळ्याचा गडद शेवाळी रंग होताना डोळ्यांसमोर दिसतो. पाच मिनिटांत बाहेर काढून स्वच्छ धुवावं. जास्त लोह राहिलं तर सुती धागा काही वर्षांत विरतो.

रंगवलेलं कापड सावलीत वाळवावं, आठवडाभराने रिठ्याच्या पाण्यात धुवावं. ऊन किती सोसतं हे पाहण्यासाठी एक पट्टी अर्धी पुठ्ठ्याने झाकून पंधरा दिवस खिडकीत लावावी. कांद्याचा रंग उन्हात उतरतो, त्यामुळे पडद्यांपेक्षा ओढणी, पिशवी किंवा विणायचं सूत त्याला बरं. या कामाचं पातेलं स्वयंपाकाला परत घेऊ नये. उकळलेली साल खतात टाकावी. तुरटी-हिराकसाचं उरलेलं पाणी मोरीत ओतावं. पावसाळी गटारात ओतलं तर ते प्रक्रिया न होता सरळ पवना किंवा इंद्रायणीत जातं.