तेलबिया आणि कर्करोग

कारंजा लाडच्या स्वयंपाकघराला तीळ, जवस, शेंगदाणा परके नाहीत. या बियांत बीटा-सिटोस्टेरॉलसारखी वनस्पतिज स्टेरॉल द्रव्ये असतात. त्यांची घडण कोलेस्टेरॉलशी मिळतीजुळती असल्यामुळे ती आतड्यात त्याच्या शोषणाची वाट अडवितात. रोज सुमारे २ ग्रॅम पोटात गेल्यास रक्तातील अहितकर कोलेस्टेरॉल अदमासे १० टक्क्यांनी उतरते. नित्याच्या आहारातून मात्र याचा अल्पांशच मिळतो.

प्रयोगशाळेत याच द्रव्यांनी कर्कपेशींची वाढ मंदावलेली आढळली आहे. परंतु काचपात्र म्हणजे मानवी देह नव्हे. खाल्लेल्या स्टेरॉलपैकी फारच थोडे रक्तात उतरते. तेव्हा जवसाची चटणी आवडीने खावी, पण तिला औषध समजू नये. अंगावर न दुखणारी गाठ दिसली, तरी तपासणीस विलंब नको. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून याच सेवेसाठी उभे आहे.