पाण्याकाठचे घर

नोकरीची अखेरची दोन-तीन वर्षे उरली म्हणजे घरोघर एक प्रश्न डोके वर काढू लागतो : उरलेले आयुष्य कोठे घालवावयाचे? इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद अशा शहरांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांत या प्रश्नाला आणखी एक पदर असतो. मुले दूरच्या शहरी किंवा परदेशी गेलेली असतात, मोठे घर रिकामे वाटू लागते, आणि मनाच्या तळाशी कोठेतरी सह्याद्रीची ओढ असते. मग दिवाळीच्या सुमारास एखादे जोडपे वाईकडे किंवा लोणावळ्याकडे फिरावयास जाते. डोंगरांच्या ओंजळीत काठोकाठ भरलेले निळे पाणी, काठावर हिरवे गवत, अंगाला सुखावणारा वारा. जागा दाखविणारा गृहस्थ शेजारीच उभा असतो. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम नुकतीच हाती आलेली असते. निर्णय एका दुपारी होतो; त्याची बरीवाईट फळे मात्र पुढे वीस वर्षे चाखावी लागतात.

पाण्याकाठी राहण्याची इच्छा मुळीच वावगी नाही. आपल्या पूर्वजांनी वानप्रस्थाची कल्पना केली, तीही वनात आणि जळाच्या सान्निध्यात. परंतु इच्छा रास्त असली तरी जागा रास्त असतेच असे नाही. तेव्हा अशी जागा निवडताना कोणत्या गोष्टी पारखून घ्याव्यात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

पहिली गोष्ट ही, की सह्याद्रीतील ज्यांना आपण तळी म्हणतो ती बहुतेक सारी धरणांचे जलाशय आहेत. भंडारदऱ्याचे पाणी प्रवरेवरील, १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडविलेले आहे. धोमचे पाणी कृष्णेचे, पवनेचे पाणी पवना नदीचे, आणि तापोळ्याचा विस्तीर्ण शिवसागर म्हणजे कोयनेचे अडविलेले पाणी. नैसर्गिक सरोवराची पातळी वर्षभरात थोडीफार हलते. जलाशयाचे तसे नाही. तो भरतो तो रिकामा होण्यासाठीच. पावसाळ्याच्या अखेरीस तुडुंब भरलेले पाणी पुढे कालव्यांनी शेतीला, नळांनी शहरांना किंवा वीजघरांना दिले जाते. मे महिन्यात तोच काठ पाहावयास जावे, तर पाणी दूर ओसरलेले असते आणि मध्ये भेगाळलेल्या चिखलाचा उघडा पट्टा पडलेला असतो. त्यावर कोठे कोठे गाळपेर पिके घेतलेली दिसतात. ज्याने ऑक्टोबरात ‘पाण्याला लागून’ म्हणून जागा घेतली, त्याच्या अंगणापासून पाणी उन्हाळ्यात कित्येकदा दृष्टीआड होते.

याहून महत्त्वाची गोष्ट पिण्याच्या पाण्याची. जलाशयातील पाणी काठावरच्या घरमालकाचे नसते. त्यावर पाटबंधारे खात्याचा किंवा धरण बांधणाऱ्या संस्थेचा अधिकार असतो, आणि परवानगीवाचून पंप लावून ते उचलता येत नाही. ‘धरण उशाला आणि कोरड घशाला’ ही म्हण अशाच गावांतून जन्माला आली आहे. म्हणून जागा पाहावयास जाणाऱ्याने तळ्याकडे पाहण्याआधी गावच्या विहिरीत डोकवावे, आणि तेही एप्रिल-मे महिन्यांत. विहिरीला पाणी किती हात आहे, नळाला ते किती दिवसांनी येते, टँकर येतो काय, या प्रश्नांची खरी उत्तरे पाणवठ्यावरच्या बायकांकडून मिळतात; जागा विकणाऱ्याकडून मिळत नाहीत.

जसा मे महिना पाहावयाचा तसाच जुलै. पावसाच्या बाबतीत सह्याद्रीचा स्वभाव मोठा विलक्षण आहे. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून अवघ्या अठरा-वीस किलोमीटरांवर असलेल्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास पडतो, आणि घाट उतरून वाईला यावे तर तो आणखी निम्म्याहूनही खाली येतो. वाऱ्यावर स्वार होऊन आलेले ढग घाटमाथ्यावर रिते होतात व पूर्वेकडे पावसाची छाया पडते, हे त्याचे कारण. धोमचा जलाशय याच उतारावर पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. त्याच्या वरच्या अंगाला, महाबळेश्वराच्या पायथ्याशी असलेल्या जोर गावाकडे जावे तसतसा पाऊस वाढत जातो; खालच्या अंगाला धरणाच्या भिंतीकडे तो सोसवेल इतकाच असतो. तळे एकच, खोरे एकच. पण एका टोकाच्या घरात भाद्रपदापर्यंत कपडे वाळत नाहीत, भिंतींना बुरशी येते, पश्चिमेच्या बाजूस गवताच्या ताट्या बांधाव्या लागतात, आणि दुसऱ्या टोकाला माणूस छत्री घेऊन रोज फिरावयास जाऊ शकतो. दम्याचा किंवा सांधेदुखीचा त्रास असणाऱ्या साठीच्या माणसाला हा भेद केवळ सोयीचा वाटणार नाही. तो प्रकृतीचा प्रश्न आहे.

या दृष्टीने चार जलाशयांची तुलना केली तर निवडीचे सूत्र आपोआप स्पष्ट होते. शिवसागराच्या काठचे तापोळा सौंदर्यात कोणास हार जाणार नाही. परंतु महाबळेश्वराहून तेथे उतरणारा रस्ता घाटाचा, पाऊस प्रचंड, आणि आसपासच्या कित्येक गावांचा जगाशी संबंध लाँचने जोडलेला. १९६७ सालच्या डिसेंबरात कोयनेच्या परिसरात झालेला भूकंप जुन्या लोकांच्या अजून स्मरणात आहे. तेथे घर बांधावयाचे तर भूकंपाचा विचार करूनच बांधले पाहिजे. शिवाय महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर २००१ साली पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून घोषित झाल्यामुळे बांधकामावर निर्बंध आहेत. भंडारदरा रम्य आहे, पण मोठे रुग्णालय गाठावयाचे तर नाशिकपर्यंत जावे लागते. आणि काजव्यांच्या दिवसांत, म्हणजे मृगाच्या तोंडावर, तेथे मोटारींची रीघ लागते. पवनेचा काठ पुण्यामुंबईस जवळ. लोहगड, तिकोना, तुंग असे गड भोवती उभे. मात्र ही जवळीकच तेथे अडचणीची झाली आहे. शनिवार-रविवारी काठावर तंबूंची वस्ती उठते आणि ध्वनिवर्धकांचा आवाज पाण्यावरून लांबवर पोहोचतो. निवांतपणासाठी आलेल्या वृद्धाने आठवड्यातील दोन रात्री खिडक्या लावून काढाव्यात, हे काही निवृत्तीचे सुख नव्हे.

धोमचा जलाशय या तिघांइतका गाजलेला नाही. त्याचे बळ निराळ्याच गोष्टीत आहे. त्याच्यापासून थोड्याच अंतरावर वाई हे जुने, नांदते गाव आहे. तेथे वैद्यकीय सोय आहे, बाजार आहे, ग्रंथालय आहे, कृष्णेचे घाट आहेत, मराठी विश्वकोशाच्या कार्यामुळे आलेली विद्येची परंपरा आहे, आणि मुख्य म्हणजे संध्याकाळी घाटावर बोलावयास माणसे आहेत. अधिक उपचारांसाठी सातारा, त्याहून अधिकांसाठी पुणे, ही दोन्ही ठिकाणे गाठता येतात. म्हातारपणी तळ्याचे सौंदर्य रोजचे होऊन जाते. रस्ता, दवाखाना आणि शेजार यांची किंमत मात्र दर वर्षी वाढत जाते.

येथे एक सावधगिरी सांगणे जरूर आहे. काठाच्या वरच्या बाजूस राहणे आणि धरणाच्या खाली नदीकाठी राहणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून पुण्यात जो हाहाकार झाला तो अपवादात्मक होता हे खरे. पण धरण शाबूत असतानाही दरवाजे उघडल्यावर नदीकाठची घरे पाण्याखाली गेल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. यासाठीच पाटबंधारे खाते नदीकाठी निळी व लाल अशा दोन पूररेषा आखते. निळ्या रेषेच्या आत घर बांधावयाचेच नसते आणि लाल रेषेच्या आत निर्बंध पाळूनच बांधावयाचे असते. नकाशावर या रेषा कोठून जातात ते पाहिल्याशिवाय इसाराचा एक रुपयाही देऊ नये.

आता कागदपत्रांविषयी. महाराष्ट्रात १९४८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्यान्वये, जो शेतकरी नाही त्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही. शहरात जन्म घालविलेल्या नोकरदाराला हे बहुधा ठाऊक नसते. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असा शेरा असेल तर ती जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. धरणग्रस्तांना पुनर्वसनासाठी मिळालेल्या कित्येक जमिनींवर असा शेरा असतो. आदिवासी बांधवांची जमीन बिगर आदिवासी माणसाला परस्पर घेता येत नाही, आणि भंडारदऱ्यासारख्या भागात हा नियम पदोपदी आडवा येतो; तो योग्य कारणासाठीच केलेला आहे. एकाच सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असून ‘तुमचा तुकडा हा’ म्हणून चुन्याची रेघ मारून दिली जाते, तेथे तर दुरूनच नमस्कार करावा. राज्याराज्यांचे कायदेही सारखे नाहीत. कर्नाटकाने शेतजमीन घेण्यावरील बंधन २०२० साली सैल केले, तर गोव्याने २०२३ साली भातशेतीच्या जमिनीपुरते ते नव्याने घातले. म्हणून बेळगावचा अनुभव सातारला आणि सातारचा गोव्याला लागू पडेल असे समजू नये. सर्वांत निर्वेध मार्ग म्हणजे जुन्या गावठाणातील घर घेणे, किंवा रीतसर बिगरशेती झालेली जागा वकिलाकडून तपासून घेणे.

कागदांहून नाजूक अशी आणखी एक गोष्ट आहे. या प्रत्येक जलाशयाच्या तळाशी गावे आहेत. मुळशीच्या धरणाविरुद्ध १९२१ साली तेथील मावळ्यांनी सत्याग्रह केला व सेनापती बापट त्यासाठी तुरुंगात गेले, हा इतिहास सर्वांना ज्ञात आहे. कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्या गावांतील माणसे दूरदूरच्या जिल्ह्यांत विखुरली. पवनेच्या धरणग्रस्तांचा प्रश्न कित्येक दशके रेंगाळला. जी कुटुंबे हटली नाहीत, ती डोंगरउतारावर वर सरकून राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे बुडालेल्या देवळाचा कळस किंवा जुन्या वाटेचा बांध वर येतो, आणि गावातली वृद्ध माणसे तेथे जाऊन क्षणभर उभी राहतात. नव्याने येणाऱ्याला जो केवळ देखावा वाटतो तो त्यांच्या घरादाराचा ठिकाणा आहे. हे ध्यानात ठेवून जो नम्रपणे राहतो, गुरांची जुनी वाट कुंपण घालून बंद करीत नाही, गावच्या जत्रेची वर्गणी आठवणीने देतो, शाळेतील मुलांना संध्याकाळी तासभर शिकवितो, त्याला गाव आपला म्हणते. जो तारांचे उंच कुंपण घालून आत राहतो, त्याच्या दारी अपरात्री कोण धावून येणार?

अपरात्रीचा हा प्रश्नच सर्वांत शेवटी, परंतु सर्वांत गंभीरपणे विचारला पाहिजे. जागा पाहावयास दोघे जातात. पण त्या घरात अखेरपर्यंत दोघे राहतीलच असे नाही. बहुतेक घरांत मोटार पती चालवितो, बँकेचे व्यवहार पती पाहतो, आणि मागे राहते ती बहुधा पत्नी. तिला एकटीला ते घर झेपेल काय? दुकान, दवाखाना, देऊळ किंवा चर्च, एस. टी. चा थांबा हे तिला पायी गाठता येईल काय? हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर दिवा लागतो काय? महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते, ही मोठीच सोय आहे. परंतु हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास मोलाचा असतो, आणि घाटातील दरड किंवा धुके त्या तासाची वाट पाहत नाही. पुष्कळ घरांत जागेची निवड पती करतो आणि पत्नी मान डोलावते. खरे पाहता तिचेच मत आधी घेतले पाहिजे, कारण त्या निवडीचा दीर्घकाळ भार तिच्याच वाट्याला येण्याचा संभव अधिक.

या सर्वांचा निष्कर्ष सोपा आहे. जागा विकत घेण्याची घाई करू नये. निवडलेल्या गावात आधी एक वर्ष भाड्याने घर घेऊन राहावे, आणि ते वर्ष मृगापासून मोजावे. एक पावसाळा, एक हिवाळा आणि एक कोरडा उन्हाळा काढल्यावरही दोघांचे मन तेथे रमले, शेजाऱ्यांशी नावाने हाका मारण्याइतकी ओळख झाली, एखादे आजारपण निभावून गेले, तर मग खुशाल घर घ्यावे. वर्षभराच्या भाड्याचा खर्च हा वाया गेलेला पैसा नव्हे. आयुष्यभराच्या ठेवीचा तो विमाच होय. हीच कसोटी बेळगावजवळच्या हिडकलला, ग्वाल्हेरच्या तिघऱ्याला किंवा गोव्यातील साळावलीच्या परिसराला लावून पाहता येईल.

आणि घर पाण्याला अगदी लागूनच हवे हा हट्ट सोडून द्यावा. ते नांदत्या गावात असावे, आणि तळे तेथून सकाळच्या फेरफटक्याच्या अंतरावर असावे. काठी टेकीत पाण्यापर्यंत जावे, घटकाभर बसावे, आणि परतताना वाटेवरच्या चार घरांत कोणीतरी ‘काय, आज उशीर झाला?’ म्हणून विचारावे. ज्या गावात असे विचारणारे आहेत, तेथे मे महिन्यात तळे आटले तरी माणूस एकटा पडत नाही.