साहेब, फोन बंद करा!

तीन वर्षांच्या पोराला आपण खेळण्यातला फोन देतो ना, जवळपास तसलाच फोन अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हाती होता. बराक ओबामांनी २०१६ मध्ये जिमी फॅलनच्या टीव्ही शोमध्ये स्वतःच हे रडगाणं गायलं. फोटो निघत नाही, मेसेज जात नाही, गाणी वाजत नाहीत. सुरक्षेपायी सगळं काढून टाकलेलं.

गंमत अशी की, फोनला एवढी कडी-कुलपं लावणाऱ्या याच देशावर २०१३ मध्ये जर्मनीच्या चॅन्सेलर अँगेला मर्केल यांचा फोन चोरून ऐकल्याचा आरोप झाला. बाईंनी थेट ओबामांनाच फोन लावला! मित्रांमध्ये असली हेरगिरी चालणार नाही, असं त्यांनी जाहीरपणे ठणकावलं.

आता तर कान लावून बसायचीही गरज उरली नाही. ‘पेगासस’ हे इस्रायली हेर-सॉफ्टवेअर कुठल्याही लिंकवर बोट न लावतासुद्धा फोनमध्ये शिरू शकतं. २०२१ मध्ये त्यानं स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ यांच्या फोनमधून २.६ जीबी डेटा उपसला. कळलं कधी? पुढच्या वर्षी.

पण हेरांना कशाला दोष द्या? कुलूप महागाचं आणि किल्ली तुळशीच्या कुंडीखाली, असा मामला असतो. ब्रिटनच्या बोरिस जॉन्सन यांचा खासगी नंबर २००६ च्या एका प्रसिद्धिपत्रकाच्या तळाशी छापलेला होता. ते पत्रक इंटरनेटवर तसंच पडून राहिलं, साहेब पंतप्रधान झाले, नंबर मात्र तोच! २०२१ मध्ये बोभाटा झाला आणि तो फोन बंद करावा लागला. पुढे कोविडच्या चौकशीत त्यातले व्हॉट्सअॅप मेसेज मागितले गेले, तर साहेबांना पासकोडच नीट आठवेना.

नेदरलँड्सचे तेव्हाचे पंतप्रधान मार्क रुट यांना जुन्या मेसेजची ही कटकटच नव्हती. त्यांच्याकडे जुना नोकिया. मेमरी भरायची म्हणून ते रोजच्या रोज मेसेज पुसायचे. सुरक्षा झकास, पण सरकारी नोंदींचं काय, यावर २०२२ मध्ये संसदेत त्यांची चांगलीच खरडपट्टी निघाली.

सगळ्यांवर कडी केली ती मार्च २०२५ मध्ये. येमेनमधल्या हुथी बंडखोरांवर हल्ला करायची चर्चा अमेरिकेचे बडे मंत्री ‘सिग्नल’ या मेसेजिंग अॅपवरच्या ग्रुपमध्ये करत होते, आणि त्यात चक्क ‘द अटलांटिक’ मासिकाचे संपादक जेफ्री गोल्डबर्ग! राष्ट्रीय सुरक्षा सल्लागारांच्याच खात्यावरून ते अॅड झाले होते. सोसायटीच्या ग्रुपात चुकून दूधवाला यावा, तसं. सिग्नलचं एन्क्रिप्शन भक्कम आहे हो, पण संपादकालाच आत घेतल्यावर ते बिचारं काय करणार?

आपल्याकडे २०१६ मध्येच केंद्रीय मंत्रिमंडळाच्या बैठकीत मोबाइल न्यायला बंदी झाली. तरीही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस अॅपलचे हॅकिंगच्या धोक्याचे इशारे विरोधी खासदारांच्या फोनवर झळकले. त्यांत महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या प्रियांका चतुर्वेदीही होत्या.

उपाय मात्र फुकटातला आहे. काही हेर-सॉफ्टवेअर फोनच्या चालू मेमरीतच मुक्काम ठोकतात. फोन बंद केला की त्यांचं बिऱ्हाड उठतं. म्हणून ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान अँथनी अल्बानीझ यांनी २०२३ मध्ये जनतेला सांगितलं: रोज रात्री पाच मिनिटं फोन बंद ठेवा, दात घासता घासता.

दात तर घासताच ना? मग आज रात्री करून बघा.