खाजेचे मूळ

दोन वर्षांच्या मुलास आपला त्रास शब्दांत सांगता येत नाही. ते रडते, अंग खाजवते, रात्री झोपत नाही. अंगावर पुरळ दिसताच घरातील मंडळी औषधाच्या दुकानातून एखादे मलम आणतात. काही दिवस आराम वाटतो. मग पुरळ पुन्हा उठते. असे का होते? खाज हा स्वतंत्र रोग नव्हे, ते रोगाचे लक्षण आहे. म्हणून उपचारापूर्वी निदान आवश्यक असते.

लहान मुलांतील चिवट खाजेची दोन प्रमुख कारणे म्हणजे इसब आणि खरूज. इसबात त्वचा मुळातच कोरडी असते. गाल, कोपरांचे व गुडघ्यांचे सांधे यांवर लालसर चट्टे येतात. बेंगळुरू शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. तेथील हिवाळ्याच्या कोरड्या हवेत इसबाचा त्रास वाढू शकतो. स्नानानंतर लगेच त्वचा मऊ राखणारे मलम लावणे, हा त्यावरील पहिला उपाय होय. इसब संसर्गजन्य नाही.

खरूज मात्र संसर्गजन्य आहे. अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असा किडा त्वचेत बीळ करून अंडी घालतो. बोटांच्या बेचक्या, मनगटे, काखा आणि लहान मुलांच्या तळहात-तळपायांवर पुरळ येते. खाज रात्री वाढते. प्रथमच लागण झालेल्या व्यक्तीत लक्षणे दिसण्यास ४ ते ६ आठवडे लागू शकतात. त्यामुळे खाज नसलेली माणसेही रोग पसरवतात.

म्हणूनच डॉक्टर विचारतात, “घरात आणखी कोणाला खाज आहे का?” बेंगळुरूच्या इंदिरा गांधी बाल आरोग्य संस्थेसारख्या रुग्णालयांत बालत्वचारोगांवर उपचार होतात. खरूज ठरल्यास डॉक्टर बहुधा ५ टक्के परमेथ्रिनचे मलम देतात. ते सांगितलेल्या पद्धतीने घरातील सर्वांनी एकाच दिवशी लावावे आणि साधारण आठवड्याने पुन्हा लावावे. कपडे व अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. किडे मेल्यावरही खाज काही आठवडे टिकते. तेवढ्याने उपचार फसला असे समजू नये. स्टेरॉइडयुक्त मलम मनाने लावल्यास पुरळ दबते, खरूज मात्र वाढतच राहते.

खरूज स्वच्छ घरातही होते. ती आईच्या हलगर्जीपणाची खूण नव्हे. लाजेने रोग लपविल्यास तो साऱ्या घरात पसरतो. वेळीच सांगितल्यास सारे घर एकदम बरे होऊ शकते.