परसातील मिरची : घरची गरज भागवून चार पैसे

दापोली तालुक्यातील बुरोंडी हे मासळीचे बंदर. इथे कालवणाला मिरची रोज लागते आणि ती बहुधा विकतच आणली जाते. मासळी कमी मिळते त्या दिवसांत हा खर्च अधिकच जाणवतो. घरामागे दोन-तीन गुंठे जागा आणि विहिरीचे पाणी असेल, तर हा पैसा घरातच राहू शकतो.

मिरची मूळची अमेरिकेतील. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांमार्फत ती आपल्या किनाऱ्यावर आली. आज तिच्या अनेक जाती आहेत व प्रत्येकीचा उपयोग निराळा आहे. ब्याडगी रंगाला उत्तम, पण तिखटपणा कमी. संकेश्वरी लांब व तिखट. लवंगी लहान, पण झणझणीत. हिरव्या मिरचीसाठी पुसा ज्वाला चालते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने (स्थापना 1972) ‘कोकण कीर्ती’ ही जात दिली आहे. ढोबळी मिरची मात्र थंडीतच घ्यावी.

लागवड

आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि साचलेल्या पाण्यात मिरचीची मुळे कुजतात. म्हणून नवशिक्याने पाऊस ओसरल्यावर गादीवाफ्यावर बी पेरावे. चार ते सहा आठवड्यांनी रोपे वीतभर झाली की दीड-दोन फुटांवर लावावीत. जांभ्या जमिनीत कुजलेले शेणखत भरपूर घालावे. लावणीनंतर दोन ते अडीच महिन्यांत हिरवी मिरची तोडायला येते.

पाने आकसून वळू लागली तर तो चुरडा-मुरडा समजावा. फुलकिडे, कोळी व पांढरी माशी हे त्याचे कारण. विषाणूने ग्रासलेले झाड उपटून नष्ट करावे व बाकीच्यांवर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा.

जाती शेजारी-शेजारी लावल्या तर परागसंकर होतो. त्या वर्षीच्या फळाला त्याने फरक पडत नाही, पण त्यातील बी पेरल्यास पुढे भेसळ उगवते. म्हणून बियाण्यासाठीची झाडे लांब ठेवावीत. रोपे विकणाऱ्याने तर हे कटाक्षाने पाळावे. लवंगी म्हणून दिलेले रोप दुसरेच निघाले, तर गिऱ्हाईक परत येत नाही आणि तो व्यवहार हलालच्या कमाईतही बसत नाही.

सुकवण व विक्री

शंभर किलो पिकलेल्या मिरचीतून साधारण 25 ते 30 किलो सुकी मिरची निघते. हा हिशेब धरूनच दर ठरवावा. समुद्राच्या दमट हवेत मिरची जमिनीवर पसरू नये. ताडपत्रीवर किंवा मचाणावर वाळवावी, रात्री झाकावी. बुरशी लागलेला माल दळून खपवणे म्हणजे लोकांच्या आरोग्याशी खेळणे होय.

नारळ-पोफळीच्या आधाराने काळ्या मिरीचा वेलही लावता येतो. जागा नसेल त्यांनी कुंडीत झुडूप मिरी करावी.

सुरुवात वीस रोपांनी करा. घर भागले की शेजाऱ्याला द्या आणि मगच बाजाराची वाट धरा. लावलेल्या झाडाचे फळ कुणी खाल्ले, तरी ते लावणाऱ्याच्या नावे सदका ठरते, ही आपली शिकवण आहे. इन्शाअल्लाह, या मेहनतीत बरकत आहे.