ढील दे, मंग वढ!



आपले कौंडण्यपूर वर्धा नदीच्या काठी आहे. घरोघरी मासोळीच्या गोष्टी चालतात. पण गरीला लागलेला मासा एवढा जोर कसा लावतो? ते मी या लेखात सांगतो. कारण मी स्वतः एकदा माशाकडून हरलो आहे.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आबाजींसोबत डोहावर गेलो. हातात बांबूची काठी, तिला तंगूस (नायलॉनची दोरी) आणि गरीला बेडकाचे पिल्लू. एकदम हिसका बसला. मोठी मरळ लागली होती! मी दोन्ही हातांनी ओढू लागलो. आबाजी ओरडले, "वढू नोको बे, ढील दे! त्याले थकू दे, मंग वढ." मी ऐकले नाही. तंगूस तटकन तुटली आणि मरळ गरीसकट गेली. त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही.

शाळा उघडल्यावर मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, माशाच्या अंगात स्नायूच फार असतात. त्याचे वजन पाणी तोलून धरते, म्हणून सारी ताकद शेपटी मारायला मिळते. हे स्नायू दोन प्रकारचे असतात. पांढरे स्नायू एकदम जोर देतात, पण लवकर थकतात. तांबडे स्नायू दमाने पुष्कळ वेळ चालतात. मरळीत पांढरे जास्त. म्हणून ती हिसका मारते, शेवाळात दडते, पुन्हा हिसका मारते. तंगूस तुटते ती या हिसक्यानेच. काठी वाकली आणि दोरी सैल सोडली, तर हिसका त्यातच जिरतो.

आपल्या वर्धेचे पाणी पुढे प्राणहिता व गोदावरीतून समुद्राला मिळते. तिथले मासे तर फारच झुंजार. कुपा माशात तांबडे स्नायू भरपूर असतात आणि ते भोवतालच्या पाण्यापेक्षा गरम राहतात. म्हणून तो लवकर थकत नाही. समुद्रात गळ टाकणारे हौशी लोक दोरी चरकीवर गुंडाळतात. चरकीला ब्रेक असतो. मासा जोरात पळाला की दोरी आपोआप सुटते. अशाच चरकीने ४ ऑगस्ट १९५३ रोजी पेरू देशाजवळ आल्फ्रेड ग्लासेल यांनी ७०७ किलोचा ब्लॅक मार्लिन मासा धरला. म्हणजे ज्वारीची सात पोती! पु. ल. देशपांडे यांच्या 'एका कोळियाने' या अनुवादित पुस्तकातला म्हाताराही मार्लिनशीच झुंजतो. युक्ती आबाजींचीच: ढील दे, मंग वढ.

पाऊस लागल्यावर आम्ही पुन्हा डोहावर गेलो. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका बुडबुडत होता. खाली मोठी मरळ फिरत होती. मी गरी टाकणार, तोच आबाजींनी हात धरला. "थांब. पिल्लं राखून रायली ते. तिले धरलं तं पिल्लायले कोन राखीन?" मरळीचे आईबाप पिल्लांची राखण करतात. ते गेले की दुसरे मासे पिल्लांना खाऊन टाकतात. एका मरळीपायी सारा घोळका जातो.

आम्ही तंगूस गुंडाळली आणि रिकाम्या हाताने घरी आलो. त्या दिवशी मात्र मला जेवण गोड लागले.

मित्रांनो, पावसाळ्यात लाल पिल्लांचा घोळका दिसला, तर तिथे गरी टाकू नका. आणि डोहावर मोठ्या माणसाशिवाय कधीच जाऊ नका.

— इयत्ता ७ वी