मदरबोर्ड तोच, प्रोसेसर नवा

वसतिगृहात आपल्याला कॉम्प्युटर गेम खेळायला मिळत नाहीत. म्हणून सुट्टी लागली की पहिले दोन दिवस कोण काय खेळणार, याच्या गप्पा ट्रेनमध्येच सुरू होतात. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मात्र माझे गेम खेळणे बाजूला राहिले आणि कॉम्प्युटर उघडून बसण्यातच बरेच दिवस गेले. त्यातून जे शिकलो ते तुमच्याही उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

माझे बाबा ईएमईमध्ये आहेत आणि सध्या त्यांचे पोस्टिंग सिकंदराबादला आहे. घरातला कॉम्प्युटर २०१८ साली दादाने स्वतः जोडलेला. रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि ८ जीबीच्या दोन रॅम. पुढे २०२२ मध्ये त्याने त्यात आरटीएक्स ३०६० हे ग्राफिक्स कार्ड बसवले. दादा नोकरीला बाहेरगावी गेल्यावर तो कॉम्प्युटर ताईच्या प्रोजेक्टसाठी आणि माझ्या फ्लाइट सिम्युलेटरसाठी राहिला.

मला वायुदलात जायचे आहे, हे माझ्या हाऊसमध्ये सर्वांना माहीत आहे. मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरमध्ये मोकळ्या रानावरून उडताना सगळे ठीक चालायचे. पण मुंबईच्या धावपट्टीवर उतरायला गेलो की चित्र अडखळायचे. विमान जमिनीच्या अगदी जवळ आले असताना, जिथे हात सर्वांत हलका लागतो, तिथेच पडदा अर्धा सेकंद थिजायचा आणि विमान धावपट्टीवर आपटायचे.

मी चिनॉय ट्रेड सेंटरमध्ये चौकशी केली. एका दुकानदाराने माझे बोलणे पुरते ऐकूनही न घेता नवा प्रोसेसर, नवा मदरबोर्ड आणि नवी डीडीआर५ रॅम असा ३८,००० रुपयांचा अंदाज लिहून दिला. तो कागद मी बाबांपुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि विचारले, "बिघाड कुठं आहे?"

मी म्हणालो, "कॉम्प्युटर जुना झालाय."

"जुना हे वय झालं. मी बिघाड विचारला. आधी मोज, मग सुटे भाग माग."

दोष कुणाचा?

गेममधले प्रत्येक चित्र तयार करताना काम वाटलेले असते. कोणती वस्तू कुठे आहे, वारा कसा आहे, विमान किती कलले आहे, हा हिशेब प्रोसेसर करतो. त्या हिशेबावरून चित्र रंगवण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. दोघांपैकी जो मागे पडेल, त्याच्या वेगाने गेम चालतो.

मागे कोण पडतो आहे हे ओळखण्याची एक फुकटची चाचणी आहे. चित्राचा दर्जा आणि रिझोल्यूशन एकदम खाली आणा. सेकंदाला मिळणाऱ्या फ्रेम वाढल्या, तर ग्राफिक्स कार्ड थकलेले होते. वाढल्या नाहीत, तर रंगाऱ्याचे काम हलके करूनही उपयोग झाला नाही, म्हणजे अडचण हिशेबाची. मुंबईवर माझ्या २८ फ्रेम मिळत होत्या; दर्जा खाली आणल्यावरही २९ च्या वर गेल्या नाहीत. शिवाय या सिम्युलेटरच्या डेव्हलपर मोडमध्ये फ्रेमचा तक्ता दिसतो. त्यात मर्यादा 'मेन थ्रेड'ची आहे, असे स्पष्ट लिहून येत होते.

इथे माझी एक फसगत झाली. टास्क मॅनेजर प्रोसेसरचा वापर फक्त ३५ टक्के दाखवत होता. मग तो थकलेला कसा? रायझन ५ २६०० मध्ये सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. आपल्या मेसमध्ये पोळ्या लाटायला बारा जण बसवले आणि भाजायला तवा एकच ठेवला, तर लाटणारे बराच वेळ रिकामे बसतील, पण तव्याला क्षणाचीही उसंत नसेल. सरासरी काढली तर स्वयंपाकघर निवांत दिसेल. मेन थ्रेड म्हणजे तो तवा. म्हणून नुसते कोअर वाढवून भागणार नव्हते. एकेक कोअरच जास्त वेगवान हवा होता.

सॉकेट जुळले म्हणजे सगळे जुळले असे नाही

मदरबोर्डवर प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. आमच्या बोर्डचे सॉकेट एएम४ आहे. रायझन प्रोसेसर २०१७ मध्ये याच सॉकेटवर आले आणि २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० सुद्धा याच सॉकेटचा. एवढी वर्षे एकच सॉकेट टिकणे ही या क्षेत्रात दुर्मिळ गोष्ट आहे. उलट उदाहरण इंटेलचे. २०१७ मध्ये आलेल्या त्यांच्या आठव्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरचे सॉकेट नावाने आधीचेच, एलजीए ११५१. तरी ते आधीच्या २०० मालिकेच्या बोर्डवर चालत नव्हते.

एएम४ मध्येही अडथळा होताच. मदरबोर्डवर बायोसची एक छोटी चिप असते आणि कोणता प्रोसेसर कसा ओळखायचा याची माहिती तिच्यात साठवलेली असते. बऱ्याच बोर्डांवर ती फक्त १६ एमबीची होती. इतक्या साऱ्या प्रोसेसरची माहिती तिच्यात मावेना. मे २०२० मध्ये एएमडीने आधी जाहीर केले, की ४०० मालिकेच्या बोर्डना पुढची पिढी चालणार नाही. ग्राहकांनी जोरदार नाराजी दाखवल्यावर त्याच महिन्यात कंपनीने निर्णय फिरवला. तो फिरवला नसता तर हा लेख लिहायला मला विषयच उरला नसता.

म्हणून खरेदीआधी बोर्डचे पूर्ण नाव आणि त्यावर छापलेला आवृत्ती क्रमांक बघा. मग बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आपल्याला हवा तो प्रोसेसर आहे का आणि त्याला कमीत कमी कोणती बायोस आवृत्ती लागते, हे तपासा. वीज किती लागते तेही पाहा. २६०० आणि ५६०० दोन्ही ६५ वॉटचे आहेत, त्यामुळे आमचा पॉवर सप्लाय तोच चालणार होता. स्वस्त बोर्डवर १०५ वॉटचा प्रोसेसर बसवायचा असेल तर दहादा विचार करा, कारण त्याला वीज पुरवणारे बोर्डवरचे भाग तापतात.

नव्या प्रोसेसरला ९,४०० रुपये लागले. बाबांनी निम्मे दिले, निम्मे माझ्या साठवलेल्या पैशांतले.

वादळ, बायोस आणि पाच पिना

बायोस नवा करायचा तो जुना प्रोसेसर जागेवर असतानाच. नवा आधी बसवला तर जुना बायोस त्याला ओळखणार नाही आणि पडदा काळाच राहील. बायोस लिहिला जात असताना वीज गेली, तर बोर्डच निकामी होण्याची भीती. सिकंदराबादला मे महिन्यात संध्याकाळी वादळ आले की वीज जाणारच. म्हणून शेजारच्या काकांचा यूपीएस मागून आणला आणि सकाळी सहा वाजता काम उरकले. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट करून त्यात फाइल घेतली होती. पाच मिनिटे लागली; ती फारच लांब वाटली.

त्याआधी ताईने तिच्या प्रोजेक्टची प्रत वेगळ्या डिस्कवर घेतली आणि विंडोजची बिटलॉकर रिकव्हरी की वहीत लिहून ठेवली. प्रोसेसर बदलला की त्यातला सुरक्षेचा भाग, म्हणजे एफटीपीएम, बदलतो. कॉम्प्युटर सुरू होताना तो रीसेट करायचा का, असे विचारतो. डिस्क कुलूपबंद असेल आणि की हाताशी नसेल, तर आपलीच माहिती आपल्याला उघडता येत नाही.

यानंतर मी चूक केली. कूलरचे चार स्क्रू काढले आणि तो सरळ वर ओढला. सहा वर्षांत वाळलेली थर्मल पेस्ट डिंकासारखी घट्ट झाली होती. सॉकेटची कडी बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटला गेला. एएम४ प्रोसेसरच्या पोटाखाली १,३३१ पिना असतात आणि त्या केसासारख्या बारीक असतात. मी घामाघूम झालो. चार दिवसांनी ताईला प्रोजेक्ट द्यायचा होता.

बाबा रागावले नाहीत. त्यांनी विचारले, "किती वाकल्या?"

"थोड्या."

"थोड्या म्हणजे किती? मोज."

पाच होत्या. भिंगाखाली धरून, यांत्रिक पेन्सिलीतले शिसे काढून तिची पोकळ नळी एकेका पिनेवर चढवली आणि हलके हलके सरळ केली. त्याला पाऊण तास लागला. मी नवा प्रोसेसर उचलला, तर बाबांनी हात धरला. "आधी हाच जुना परत बसव. सॉकेटला काही झालं असेल आणि नवा चालला नाही, तर दोष सॉकेटचा की नव्या प्रोसेसरचा हे तुला कसं कळणार?"

कोपऱ्यावरची त्रिकोणी खूण जुळवून, जराही न दाबता तो जागेवर सोडला, कडी लावली, नवी पेस्ट आणि कूलर लावला. पंखा फिरला आणि पडदा उजळला. त्यानंतरच नवा प्रोसेसर बसवला. या खेपेस आधी दहा मिनिटे कॉम्प्युटर चालवून पेस्ट मऊ होऊ दिली, मग बंद करून प्लग काढला आणि कूलर ओढण्याऐवजी डावीकडे-उजवीकडे पिळून सोडवला.

हाती काय लागले

पहिल्या चाचणीत मुंबईवर ३६ फ्रेम मिळाल्या. मी थोडा हिरमुसलो. मग लक्षात आले, की बायोस नवा केल्यावर रॅमचे एक्सएमपी सेटिंग पुसले गेले होते आणि ३,००० वेगाची रॅम २,१३३ वर चालत होती. ते पुन्हा सुरू केले आणि ४३ फ्रेम आल्या.

कागदावर पाहिले तर जुन्याचा कमाल वेग ३.९ गिगाहर्ट्झ आणि नव्याचा ४.४, म्हणजे जेमतेम १३ टक्के जास्त. तरी फ्रेम निम्म्याहून अधिक वाढल्या. एक कारण असे, की नवा कोअर घड्याळाच्या प्रत्येक ठोक्याला जास्त काम उरकतो. दुसरे कारण कॅशचे. कॅश म्हणजे आपल्या पलंगाशेजारचे कपाट आणि रॅम म्हणजे मैदानापलीकडचे क्यूएम स्टोअर. कपाटात जेवढे जास्त मावेल तेवढे हेलपाटे कमी. जुन्यात १६ एमबी कॅश, तीही तीन-तीन कोअरमध्ये ८-८ अशी विभागलेली. नव्यात ३२ एमबी, सहाही कोअरना सामाईक.

प्रत्येक जुन्या कॉम्प्युटरला हा उपाय लागू पडणार नाही. तुमच्या चाचणीत ग्राफिक्स कार्ड मागे पडलेले दिसले तर प्रोसेसरवर एक रुपयाही घालू नका. बोर्डच्या यादीत नवा प्रोसेसर नसेल तर नाइलाज आहे. पण दुकानात जाण्याआधी मोजून जा.

ताईचा प्रोजेक्ट वेळेवर गेला. सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी मी मुंबईला विमान न आपटता उतरवले, तेव्हा बाबा मागे उभे होते. पाच पिना सरळ केलेला जुना प्रोसेसर दादाने त्याच्या एका मित्राला दिला. तो अजून चालतो आहे.

(एक कॅडेट, इयत्ता ११ वी)